दळण ठिवून येतो

आमच्या जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या कायम पांढऱ्या असतात. खाली पिठाची गिरण आहे. सकाळी झाडलं तरी दुपारपर्यंत परत थर बसतो आणि वर येणाऱ्याच्या चपलेचा ठसा त्यात उमटतो. साडेदहाला मी कुलूप उघडायला येते तेव्हा आधी पायऱ्या बघते. बायकी चपलेचा ठसा आणि शेजारी छोटा बूट, दोन्ही वर जाऊन परत खाली आलेले दिसले की मी गिरणीत डोकावते. बहुतेक वेळा ती दोघं तिथं कट्ट्यावरच असतात. बाईच्या मांडीवर दळणाचा डबा आणि पोरगं तिला चिकटून.

"दळण ठिवून येतो," असं सांगून ती घरातनं निघालेली असते. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्या कोल्हापुरात बायकाही 'येतो', 'जातो' असंच म्हणतात. घरात मीही तशीच बोलते, लिहायला बसल्यावर तेवढी शहाणी होते.) डबा खाली ठेवायचा, मुलाचा हात धरायचा, जिना चढायचा. पाऊण तासानं उतरायचं. घरी कुणी विचारलंच तर डबा उघडून दाखवता येतो. गिरणीवाले मामा वर गेलेल्या बाईचा डबा मुद्दाम मागं ठेवतात आणि ती उतरायच्या बेताला दळायला घेतात. पीठ हाताला गरम लागलं की इतका वेळ कुठं होतीस हा प्रश्न येत नाही. असं करायला त्यांना कुणीही सांगितलेलं नाही. वर काय चालतं हे त्यांनी मला सहा वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं. आता लिहितेय, कारण दिवाळीपर्यंत ती जागा सोडायची आहे. मालकांना इमारत पाडून नवी बांधायची आहे. त्यांचंही काही चुकत नाही. पण दोन महिने डोक्यात तोच विषय फिरतोय, म्हणून हा पसारा.

वर दोन खोल्या आणि एक लांबट व्हरांडा. मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी समुपदेशन केंद्र आहे ते. संस्था छोटी. नाव सांगत नाही, पेठही सांगत नाही. दोघी समुपदेशक आहेत, एक एमएसडब्ल्यू (म्हणजे समाजकार्यात एमए) झालेली आणि एक मानसशास्त्रात एमए. महिन्यातल्या दोन शनिवारी एक मानसोपचारतज्ज्ञ येतात, पैसे न घेता. आणि व्हरांड्यात टेबलामागे मी. केसपेपर काढणं, फोन घेणं, वेळा देणं, पावत्या फाडणं, पाणी देणं, रडणाऱ्याला कोपऱ्यातली खुर्ची दाखवणं, एवढं माझं खातं. त्याआधी ३४ वर्षं मी एका सहकारी बँकेत होते, त्यातली २२ कॅश काउंटरला. तिथं मला सगळे 'मॅडम' म्हणायचे, इथं 'काकू'. बढती समजते मी ती.

आत काय बोलणं होतं ते मला कळत नाही, कळू नये अशीच व्यवस्था आहे. त्यामुळे कुणाची केस वाचायला मिळेल म्हणून आला असाल तर निराशा होईल. दाराबाहेरून जेवढं दिसतं तेवढंच इथं आहे, आणि तेही ओळख पटू नये म्हणून इकडचं तिकडं केलेलं.

गिरणीचा आवाज हे आमचं भांडवल. फरशी दिवसभर बारीक थरथरत असते. नवीन मुलं आधी घाबरतात, मग तळहात जमिनीला टेकवून बसतात. त्या घरघरीत आतलं रडणं, ओरडणं काही बाहेर येत नाही. पंचाईत होते ती लाइट गेल्यावर. गिरण थांबते आणि एकदम सगळं स्वच्छ ऐकू यायला लागतं. आतल्या मुलाचं बोलणं, बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आईला. अशा वेळी माझी ड्यूटी खरी सुरू होते. खणात सेलवरचा ट्रान्झिस्टर ठेवलाय. लाइट गेली की तो लावायचा, आवाज मोठा. जे लागेल ते. उसावरच्या हुमणीचा बंदोबस्त कसा करावा यावर मी आता तासभर बोलू शकते.

आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं. "ह्याला जरा समजवा की. ऐकंनाच झालाय." पोराला खांद्याला धरून पुढं सरकवतात, गॅरेजला गाडी लावावी तसं. काहीजण लगेच विचारतात, "आम्ही तवर मंडईत जाऊन येऊ का?" त्यांना वाटतं, कौन्सिलिंग म्हणजे चांगल्या चार गोष्टी चांगल्या भाषेत सांगणं. आपलं ऐकत नाही, शिकलेल्या मॅडमचं ऐकेल. पहिल्या दिवशी घरच्यांनाही आत बसायला लागेल आणि पुढंही अधूनमधून यायला लागेल हे कळल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात. "मला कशाला? मला काय झालंय?" हे वाक्य मी वडिलांकडून ऐकलंय, आयांकडून ऐकलंय, एकदा एका मुख्याध्यापकांकडूनही ऐकलंय.

मी आले तेव्हाची केसची वही अजून आहे. तिच्यात रकाने होते: दिनांक, नाव, वय, शाळा, पत्ता, तक्रार. मी सुवाच्य अक्षरात भरत गेले. तक्रार: अभ्यास करत नाही. तक्रार: मोबाईल सोडत नाही. तक्रार: उलट बोलते. तक्रार: घरातले पैसे घेतो. तक्रार: अंथरूण ओलं करतो (वय ९). तीन महिन्यांनी एकदा वही चाळताना माझ्यातली कॅशियर जागी झाली. खातं एकाचं आणि सही दुसऱ्याचीच, ओळीनं सगळीकडे! बँकेत असं व्हाउचर मी पास केलं असतं का? नवी वही आणली तेव्हा पट्टी घेऊन दोन रकाने आखले. 'आणणाऱ्याचं म्हणणं' आणि 'मुलाचं म्हणणं'. दुसरा रकाना मी भरत नाही. मुलाला चालणार असेल तर आतल्या मॅडम भरतात. तो कधीकधी पाच-सहा आठवडे कोरा असतो. कोरा राहू द्यायचा.

आखून झाल्यावर पहिल्यांदा भरलेला तो रकाना मला पाठ आहे. मुलगा सहावीतला. पहिल्या रकान्यात माझ्या अक्षरात: 'अभ्यासात लक्ष नाही, सारखा दाराकडं बघत बसतो.' दुसऱ्यात चौथ्या भेटीनंतर, त्याचेच शब्द: 'पप्पा बूट कुठं काढत्यात ते बघायला लागतंय.'

म्हणजे असं. वडील फौंड्रीत, शिरोलीच्या एमआयडीसीत. घरी आल्यावर बूट दाराशी नीट जोडीनं काढले तर रात्र बरी जाणार. एक बूट उंबऱ्यात आणि एक मधल्या खोलीत पडला, तर बहिणीला घेऊन माळ्यावर जायचं. हे शास्त्र त्या पोरानं स्वतः निरीक्षणानं बसवलेलं. आता अभ्यासात लक्ष कसं लागायचं? त्याचं लक्ष होतंच की, दुसऱ्या विषयात होतं.

वडील सातव्या का आठव्या भेटीला आले. सुट्टीच्या दिवशी, पण पायात कंपनीचेच बूट. वितळलेल्या लोखंडाचे थेंब उडून वरच्या चामड्याला बारीक भोकं पडतात, तसे चट्ट्यांचे. दळणाचा डबा नाही, काही निमित्त नाही, सरळ वर आले. जिन्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी बूट काढले, वाकले, आणि दोन्ही बूट हातानं भिंतीला समांतर लावले. मुलगा बाकावर होता. तो बुटांकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघत होते. मग मी पाणी आणायला उठले, कारण माझं मला आवरत नव्हतं.

अर्ध्या तासानं ते बाहेर आले आणि "किती द्यायचं?" म्हणाले. केसपेपरचे वीस रुपये. पाचशेची नोट दिली, मी चारशेऐंशी परत दिले. त्यांना व्यसनमुक्तीसाठी एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचा गट) मीटिंगचा पत्ता दिलेला होता. दोनदा गेले, मग गेले नाहीत, मग दिवाळीनंतर पुन्हा जायला लागले. पुढचं सरळ रेषेत सांगण्यासारखं नाही. मुलगा आठवीत गेला. मध्ये एकदा एकटाच जिना चढून आला आणि कॅरम खेळून गेला.

वीस रुपये घ्यावेत की नाहीत, यावर आमच्याकडे दर वर्षी वाद होतो. मी घेण्याच्या बाजूची. फुकटात आलेलं माणूस दबून बसतं आणि पुढच्या वेळेला यायला संकोचतं. ज्याच्याकडे नसतील त्याला मी हळूच पावती देते आणि डब्यात माझे टाकते. ट्रस्टींना हे माहीत नाही. म्हणजे आता झालं.

मी तिकडे कशी पोचले ते सांगायचं राहिलं. ऑगस्ट २०१९. आमची नुकतीच निवृत्ती झालेली, घरात बसून करमेना. आणि महापूर आला. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगतं. त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, तिकडे चिखली आणि आंबेवाडी, सगळं पाण्यात. पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ बंद, गावात पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. शाळा आणि मंगल कार्यालयं पूरग्रस्तांनी भरली. मी पोळ्या लाटायला म्हणून एका शाळेत गेले. तिथं एक तरुण मुलगी वर्गाच्या कोपऱ्यात खडू, कागद पसरून बसली होती आणि भोवती वीसेक पोरं. मला आधी वाटलं, हे काय खूळ? लोकांना अंथरायला नाही आणि ही चित्रं काढायला लावतेय.

मग एक पोरगा बघितला. दप्तर पाठीला अडकवलेलं, काढायचं नाव नाही. जेवताना तसाच, झोपतानाही तसाच कुशीवर. ती मुलगी त्याला काढ म्हणाली नाही. त्याच्यासमोर बसून स्वतःच्या पाठीलाही एक सॅक अडकवली आणि चित्र काढत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यानं दप्तर उतरवलं, उघडलं, आणि आत काय तर घरच्या कोंबडीची दोन अंडी, सदऱ्यात गुंडाळलेली. एक फुटलेलं होतं.

पोळ्या लाटणारे पुष्कळ होते. मी तिच्या मागं लागले. तीच आता आमची एमएसडब्ल्यूवाली मॅडम. त्या वर्षी पाणी उतरल्यावर सगळ्यांनी गादी, भांडी, धान्य दिलं, आणि ते द्यायलाच हवं होतं. पण पुढं २०२१ च्या जुलैत परत पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्याकडचे फोन वाढले. बरी झालेली मुलं परत अंथरूण ओलं करायला लागली. अजूनही जुलैत दोन-चार पोरं व्हरांड्यात आल्या आल्या मला विचारतात, "काकू, किती फूट झालंय?" मी मोबाईल बघून खरा आकडा सांगते. खोटं सांगून चालत नाही. त्यांनी येतानाच कुठंतरी ऐकलेलं असतं, नुसता माझा खरेपणा तपासायचा असतो.

माझ्या बँकेच्या नोकरीचा खरा उपयोग होतो तो कागदपत्रांत. दाराशी आलेलं प्रत्येक दुखणं आतल्या खोलीतलं नसतं. एक आजी नातवाला घेऊन आली. 'लई चिडतंय, भांडी आपटतंय.' मुलगा वारलेला, सून माहेरी गेली ती गेली. आजी धुणीभांडी करते. आतल्या मॅडम पोराशी बोलत होत्या तेवढ्यात मी आजीशी बोलले, आणि लक्षात आलं की हिला बाल संगोपन योजना कुणी सांगितलेलीच नाही. आई-वडील दोघं किंवा एक नसलेल्या, किंवा घरी सांभाळायची परिस्थिती नसलेल्या मुलाला संस्थेत न टाकता नात्यात, घरातच वाढवता यावं म्हणून महाराष्ट्र सरकारची ही योजना आहे. आधी महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. फार नाहीत. पण धुणीभांडी करणाऱ्या आजीला विचारा, किती असतात ते.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, आणि मंजुरीचा आदेश बाल कल्याण समितीचा. या समितीला लोक आमच्यासारखीच एखादी संस्था समजतात. तसं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं बसवलेली ती समिती आहे, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. त्यामुळे कागद पक्के लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. आजीच्या आधारवर सासरचं आडनाव, रेशनकार्डावर माहेरचं, मुलाच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. अशा वेळी मला जो उत्साह येतो तो काही औरच. चार महिने लागले. पैसे सुरू झाले म्हणून पोराचा राग गेला असं अजिबात नाही. पण आजीनं एका घरचं काम सोडलं आणि संध्याकाळी ती घरी असायला लागली. भांडी आपटायची तेव्हा आता समोर कुणीतरी असतं.

देणगीदारांना हे सांगून कळत नाही. मोठ्या मनानं येतात बिचारे. दप्तरं देऊ का, पाण्याचा कूलर देऊ का, वर आमच्या वडिलांचं नाव घाला. सगळं चांगलं आहे. पण आमचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे दोन मुलींचा पगार, आणि पगारावर कुणाच्या वडिलांचं नाव घालता येत नाही. एका कंपनीचे साहेब आले होते, त्यांचा एकच धोशा, "लाभार्थी किती?" एका मुलाच्या अकरा बैठका झाल्या तर लाभार्थी एक. अकरा मुलांना एकेक कंपास वाटली तर लाभार्थी अकरा, आणि फोटोही. मी आयुष्यभर आकडे जुळवले, पण हा हिशोब मला मांडता आला नाही. ते कंपासपेट्या देऊन गेले. अजून आहेत शिल्लक, कुणाला हव्या असतील तर या.

एक दिवस असा येतो की मॅडम दार उघडून माझ्याकडं नुसतं बघतात आणि मी ट्रान्झिस्टर न लावता फोन जवळ घेते. वर्षातनं दोनदा, तीनदा. आतलं बोलणं बाहेर जाणार नाही असं प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं, आणि त्याच दमात हेही सांगितलेलं असतं की तुला कुणी इजा करत असेल तर मात्र आम्हाला गप्प बसता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. फक्त आम्हालाच नाही, ज्याला कळलं त्या प्रत्येकाला. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मग ते लोक येतात. काका, मामा, कधीकधी गल्लीतले वजनदार. "बाई, घरातली गोष्ट हाय. मिटवून टाकूया. पोरीच्या लग्नाचं बघायला पाहिजे का नको?" त्या वेळी मला माझ्या काउंटरच्या काचेची फार आठवण येते. आता मध्ये काच नसते. मी फक्त एवढंच सांगते की ही मिटवायची गोष्ट नाही, तसा अधिकार मलाही नाही आणि तुम्हालाही नाही.

एक गोष्ट मात्र अशा घरातल्या आईला मी आवर्जून सांगते, कारण तिच्या डोळ्यांपुढं पोलीस ठाणं, खाकी आणि बाकडं एवढंच असतं. मुलाचा जबाब घेणारा अधिकारी वर्दीत नसला पाहिजे असं कायद्यातच लिहिलंय. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा. मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. हे ऐकल्यावर तिचा श्वास खाली बसतो. आणि कुणाला आमच्यासारखा जिना सापडत नसेल तर १०९८ आहेच, दहा-नऊ-आठ. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली मुलांची हेल्पलाइन, आता सरकार चालवतं. मोठ्यांना मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, मराठीत बोलता येतं. दोन्ही फुकट.

मुलासाठी म्हणून आलेली आई तिसऱ्या-चौथ्या भेटीला पदर सावरताना मनगट दाखवते, हेही नवीन नाही. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. आमच्या गावात प्रत्येक भाषणाची सुरुवात शाहू महाराजांपासून होते. १९१७ ला सक्तीचं मोफत शिक्षण, पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड, हे फलकावर असतं. पण त्याच महाराजांनी १९१९ मध्ये, बायकोला घरात क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा कायदा करवीर संस्थानात आणला होता, हे कधी कुठल्या डिजिटल बोर्डावर बघितलंय? मी अजून नाही. घरातली गोष्ट चार भिंतींतच राहावी असं म्हणणाऱ्या वजनदार काकांना मी हे एकदा ऐकवलं. ते म्हणाले, "महाराजांची गोष्ट येगळी."

आता माझं स्वतःचं. हे लिहायचं नव्हतं, पण बाकीच्यांचं लिहिलं तर हेही लिहायला पाहिजे.

माझा मुलगा सहावीत असताना पंधरा दिवस शाळेला गेला नाही. घरातून वेळेवर निघायचा, रंकाळ्यावर जाऊन बसायचा, वेळेवर परत यायचा. शेजारच्यांनी बघितलं म्हणून कळलं. बँकेत एक रुपया कमी भरला तर आम्ही रात्री आठ-आठ वाजेपर्यंत व्हाउचर उलटीपालटी करत बसायचो. पोराचं काय चुकलं ते मी पाच मिनिटांत ठरवलं, दोन ठेवून दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन बाईंना सांगितलं, "ह्याला जरा समजवा. मार दिला तरी चालेल." बाईंनी माझा शब्द पाळला.

तो एकतीस वर्षांचा असताना, त्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलो होतो तेव्हा, दुकानात नंबर लागायची वाट बघताना सहज म्हणाला, "आई, मला 'प' नं सुरू होणारा शब्द वाचता यायचा नाही, आठवतंय?" अडखळायचा तो, ते मला माहीत होतं. मोठा झाला की जाईल म्हणून सोडून दिलेलं. त्या वर्षी वर्गात रोज एकेकानं उभं राहून धडा वाचायचा असायचा. त्याचा नंबर यायच्या आदल्या दिवशीपासून तो रंकाळ्यावर जायला लागला होता. आणि एकदा सुरू झाल्यावर परत कसं जायचं ते कळेना, म्हणून पंधरा दिवस. एवढंच होतं. सांगून तो परत शालू बघायला लागला. मी मात्र त्या दुकानात काय घेतलं ते मला आजही नीट आठवत नाही.

तर जागा. ट्रस्टींनी दोन जागा बघितल्या. पहिली मेन रोडला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट, टाइल्स, दर्शनी भागात मोठा बोर्ड लावायची सोय. सगळे खूश. मी म्हटलं, "बोर्डाखालनं कोण वर जाईल?" त्यांना कळलं नाही. मी गिरणीचं सांगितलं. सहा वर्षांत त्यांच्यापैकी कुणाच्याही हे ध्यानात आलेलं नव्हतं, कारण मीटिंगला ते रविवारी येतात आणि रविवारी गिरण बंद असते. दुसरी जागा एका दवाखान्याच्या वर. तिथं जायला निमित्त आपोआप मिळतं, पण मग घरी 'काय झालंय? गोळ्या दाखव' सुरू होणार.

मामांना सांगितलं की आम्ही चाललोय. त्यांचीही गिरण जाणार आहे, ते मुलाकडं उचगावला जातील. बराच वेळ काही बोलले नाहीत. सुपातले खडे वेचत होते. मग म्हणाले, "नव्या जाग्यात खाली काय हाय?"

तिसरी जागा मीच शोधलीय. आतल्या बोळात, पहिला मजला, खाली एक दुकान. कसलं ते या वेळी लिहिणार नाही. बायकांना घरात सांगून यायला ते पुरेल, पाऊण तास सहज खपेल, आणि परत जाताना हातात दाखवायला काहीतरी असेल. दुकानदार बाईंशी अजून बोलले नाही, आधी दोन-चार वेळा गिऱ्हाईक म्हणून जाऊन बघणार आहे. भाडं चौदा हजार सांगतायत, बारापर्यंत येतील असं वाटतंय. पुरुषमाणसं काय सांगून येतील, ते मात्र अजून सुचलेलं नाही.